एनडीव्हीआय पुरे, आता नळी ठोका: पुण्यातल्या जिओइन्फर्मॅटिक्स विभागांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातल्या भूगोल, पर्यावरणशास्त्र आणि जिओइन्फर्मॅटिक्स विभागांचे प्रमुख, मार्गदर्शक आणि अभ्यास मंडळांचे सदस्य

विषय: पीटच्या जमिनी आणि पाणथळ जागांची प्रकृती उपग्रहावरून पाहायला शिकवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

प्रबंधांचे विषय जुलै-ऑगस्टात ठरतात आणि एकदा ठरले की वर्षभर जागचे हलत नाहीत, म्हणून हे पत्र आधीच लिहिते आहे. मी पुण्यातच उपग्रह-प्रतिमांवर काम करते. तुमच्याकडून बाहेर पडलेली मुलं आमच्याकडे इंटर्न म्हणून येतात आणि तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून अधूनमधून मला बोलावणंही येतं. मुलं हुशार आहेत, त्यात वाद नाही. गुगल अर्थ इंजिनवर चार ओळी लिहून ती सेंटिनेल उपग्रहांच्या दहा वर्षांच्या प्रतिमा चाळून टाकतात. पण विषय बघा. हिंजवडीचा भूवापर बदल. वाघोलीचा भूवापर बदल. पिंपरी-चिंचवडमधली उष्णतेची बेटं. मुळशी खोऱ्याचा एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक. गावाचं नाव तेवढं बदलायचं; पद्धत तीच, रंग तेच, नकाशाच्या कोपऱ्यातला उत्तरेचा बाणसुद्धा तोच.

माझी तक्रार एवढीच आहे की या मुलांना हिरवं मोजता येतं, ओलं मोजता येत नाही.

लांब जायला नको, पाषाण तलाव घ्या. जलपर्णी फोफावलेली असताना सेंटिनेल-२ च्या प्रतिमेवर एनडीव्हीआय काढला तर तलावाच्या जागी छान गडद हिरवा डाग येतो. येणारच. पान लाल प्रकाश गिळतं आणि जवळचा इन्फ्रारेड परत फेकतं, एवढंच हे गुणोत्तर बघतं. ते पान कशावर उगवलंय आणि खालचं पाणी मेलंय का जिवंत आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अशा डागापुढे ‘निरोगी वनस्पती’ असं सूचीत लिहिलेलं मी पाहिलं आहे. तलावाकाठी पाच मिनिटं उभं राहिलेला माणूस, नाकाला रुमाल लावून का होईना, असं लिहिणार नाही.

तलावाच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी नेता येते, कारण तलाव डोळ्यांसमोर आहे. पीटच्या जमिनीत ती महागात पडते. पीट म्हटलं की आपल्याकडे नर्सरीतली कोकोपीटची वीट आठवते. ती नारळाच्या सोडणाची, तिचा इथे संबंध नाही. पीट म्हणजे बारा महिने पाण्याखाली राहिल्यामुळे धड न कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्यामुळे प्राणवायू पोचत नाही, म्हणून मेलेली मुळं, खोडं, शेवाळ साचत राहतात, ढोबळमानाने वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग अशा जमिनींखाली आहे, पण जगभरच्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश तिथे आहे. सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून आहे त्यापेक्षा जास्त. ही पुंजी टिकवून धरणारी गोष्ट एकच, पाणी. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते, हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं, जमीन खचते आणि उन्हाळ्यात पेट घेते.

इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतानमध्ये सुहार्तो राजवटीने १९९५-९६ मध्ये दहा लाख हेक्टर दलदलीत भातशेती करायचा घाट घातला. हजारो किलोमीटरचे कालवे खणले गेले. भात काही पिकला नाही आणि १९९९ मध्ये योजना गुंडाळली, पण कालवे राहिले. १९९७ च्या एल निन्योत ही आणि इतर पीटजमीन जळाली, तेव्हा इंडोनेशियातून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज निघाला. त्या वर्षी जगाने कोळसा-तेल जाळून जेवढा कार्बन सोडला त्याच्या १३ ते ४० टक्के. २०१५ मध्ये तिथे पुन्हा सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली, त्यातला मोठा वाटा पीटचा. आता अशाच एखाद्या कोरड्या केलेल्या पीटवर पाम तेलाची बाग लावा आणि एनडीव्हीआय काढा. हिरवंगार! मूळच्या दलदली जंगलापेक्षा तसूभरही कमी नाही. खाली जमीन वर्षाला काही सेंटिमीटरने बसते आहे आणि वरचा निर्देशांक शाबासकी देतो आहे. (जगात पाम तेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपलाच आहे. मार्केट यार्डातून निघून फरसाणाच्या कढईत पडणाऱ्या तेलाच्या डब्याचं मूळ कुठे आहे, हा विषय मोठा आहे. इथे फक्त नोंद.)

मग पाहायचं काय? दोन गोष्टी: पाणी जमिनीच्या किती खाली आहे, आणि जमिनीचा पृष्ठभाग कुठे आहे. बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या गोष्टीचं जगातलं सगळ्यात साधं यंत्र इंग्लंडमध्ये केंब्रिजशरच्या होम फेन या दलदलीत उभं आहे. तिथलं व्हिटलसी मीअर हे सरोवर आटवलं, त्या सुमारास, १८५१-५२ मध्ये, पीटमधून खाली पक्क्या चिकणमातीपर्यंत एक खांब ठोकला आणि त्याचं टोक जमिनीशी सपाट ठेवलं. आज त्याच्या जागी असलेल्या लोखंडी खांबाचं टोक जमिनीपासून सुमारे ४ मीटर वर आहे. खांब उगवलेला नाही. त्याच्या भोवतीची जमीन गेली आहे. काही दबली, बरीचशी हवेत गेली. पावणेदोनशे वर्षांचा विदा (डेटा), ना वीज लागली ना वर्गणी.

उपग्रह हेच काम लांबून करू शकतो, फक्त त्यासाठी कॅमेरा सोडून रडारकडे वळावं लागतं. आपल्याकडे वर्षातले चार महिने ढगांचे, आणि पाणथळ जागेची खरी हालचाल त्याच चार महिन्यांत होते. सेंटिनेल-१ चं रडार २०१४ पासून ढगांतून पाहतं आहे, तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. एकाच जागेवरून दोनदा जाताना परत आलेल्या लहरींच्या फेजमधला, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक काढला की जमीन किती वर-खाली झाली ते कळतं. हे इनसार तंत्र तुम्ही शिकवता, मला माहीत आहे. पण उदाहरण येतं ते भूकंपाचं नाहीतर ज्वालामुखीचं, आणि मुलं परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात. स्कॉटलंडमधल्या फ्लो कंट्री या अवाढव्य पीटप्रदेशावर (२०२४ मध्ये तो जागतिक वारसा झाला) याच सेंटिनेल-१ च्या मालिकेतून संशोधकांनी जमिनीची वर्षभरातली उठबस मोजली. पीट पाणी पिऊन फुगतं, पाणी सुटलं की बसतं, ऋतूमागून ऋतू. शेवाळाने भरलेल्या ओल्या भागाची ही लय वेगळी, चर मारून सुकलेल्या झुडपी भागाची वेगळी. म्हणजे कुठला भाग अजून धडधाकट आहे आणि कुठल्याने अंथरूण धरलंय, हे आठवड्या-पंधरवड्याच्या उंचीच्या आलेखावरून ओळखता येतं. चित्र बघून नाही, आलेख बघून.

इथपर्यंत वाचून कुणीतरी नक्की म्हणेल, ‘मॅडम, आपण बसतो बेसाल्टवर. पुण्यात पीट आहे कुठे?’ नाही. पण काळी माती आहे ना! दौंड, इंदापूर, बारामतीकडची रेगूर पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तिचा पृष्ठभागही ऋतूबरोबर काही सेंटिमीटर वर-खाली होतो. इनसार शिकायला यापेक्षा चांगली शाळा कुठली? फरक एवढाच, आणि तोच शिकण्यासारखा आहे: काळी माती पाऊस आला की परत आपल्या जागी येते, पीटमधला जो भाग जळून-कुजून गेला तो येत नाही. आलेखातली फुगणं-बसण्याची लाट वेगळी काढायची आणि तिच्याखालून सतत उतरत जाणारी रेघ आहे का ते बघायचं, हे कौशल्य इंदापूरच्या पडीक रानात कमावता येतं आणि कालिमंतानला वापरता येतं.

त्यात अडचणी आहेत आणि त्या मुलांना आल्याच पाहिजेत. सेंटिनेल-१ ला दोन फेऱ्यांमध्ये २.८ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, एवढी हालचाल झाली की फेजचं एक पूर्ण चक्र, म्हणजे प्रतिमेवरचा एक पट्टा, उलटतं, आणि शेजारशेजारच्या दोन जागांमध्ये त्याच्या निम्म्याहून जास्त फरक पडला की मोजणी घसरायला लागते. मृगाच्या पहिल्या दणक्यात माती बारा दिवसांत किती फुगेल याचा नेम नाही. मातीतल्या नुसत्या ओलीनेसुद्धा फेज सरकते. पावसाळी हवेतली वाफ लहरींना उशीर करते आणि तो उशीर जमिनीच्या हालचालीसारखाच दिसतो. उसाच्या फडावर तर कोहेरन्स, म्हणजे दोन फेऱ्यांतल्या लहरींचा मेळ, टिकतच नाही; आज एक पान इकडे, बारा दिवसांनी तिकडे. म्हणूनच रानात एक लोखंडी गज हवा, मुरमात खोल घट्ट बसवलेला, वर खुणा केलेला. होम फेनचा खांब, आपल्या मापाचा. त्याच्यावरचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा जुळला तर पुढे जायचं, नाही जुळला तर का नाही हे शोधण्यातच प्रबंध आहे. माझ्या मते तो प्रबंध वाघोलीच्या तीनरंगी नकाशापेक्षा शंभर पटींनी मोलाचा.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला नायसर उपग्रह या बाबतीत आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. नासाचं एल-बँड रडार, तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर, आणि इस्रोचं एस-बँड, त्याच्या निम्म्याहून लहान. दोन्ही एकाच यानावर, बारा दिवसांची फेरी. लांब लहर पानापानांत अडकत नाही, खाली पोचते, त्यामुळे झाडीखालच्या जमिनीवरही कोहेरन्स जास्त टिकतो आणि मोजणी घसरण्याआधी बरीच जास्त हालचाल सोसते. हा विदा खुला ठेवायचा हेच धोरण आहे. इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर २०२२ मध्ये सोडलेल्या ईओएस-०४ या उपग्रहाची रडार दृश्यंही मिळतात. विदा नाही म्हणून विषय घेता येत नाही, हे कारण आता चालणार नाही.

आता पाण्याच्या पातळीकडे. त्यासाठी भिगवण. तिथे फ्लेमिंगो बघायला सगळं पुणे जातं, पण मला रस आहे तो उजनीचं पाणी ओसरत जातं तसतशी उघडी पडत जाणाऱ्या गाळपेर जमिनीत. पाण्याच्या कडेपासून वर चालत गेलात की दोन-तीनशे पावलांत चिखल, ओली माती, सुकून पापुद्रे धरलेली माती आणि पेरलेलं पीक, असं सगळं ओळीने लागतं. महिन्याभराने तीच ओळ खाली सरकलेली असते. रडारच्या विद्यार्थ्याला आयता मिळालेला हा फळाच आहे. आणि कडेला पाणकणीस आहे, ते फार महत्त्वाचं. मोकळं पाणी रडारमध्ये काळं दिसतं, हे मुलांना पाठ असतं. पण पाण्यात उभं पाणकणीस असेल तर लहर आधी पाण्यावर आपटते, मग दांड्यावर, आणि सरळ उपग्रहाकडे परत जाते; म्हणून भरलेली दलदल काळी न दिसता उलट लखलखते. इमारतीही याच कारणाने लखलखतात. परिणामी प्रतिमा ओळखायला शिकवलेलं संगणकाचं मॉडेल पाणकणसाच्या बेटाला बिनधास्त ‘बांधकाम’ ठरवतं. पूर आलेल्या दलदली जंगलातही हाच खेळ असतो. काँगोतल्या पीटचा नकाशा करताना एल-बँड रडारचा उपयोग झाला तो यामुळेच, की झाडांखाली पाणी उभं आहे हे त्यातून कळतं. भिगवणला गमबूट घालून एकदा पाणकणसात शिरलेल्या मुलाची ही चूक पुन्हा होणार नाही.

काँगोची गोष्ट थोडी सांगते, कारण तिच्यात एक क्रम आहे. मध्य काँगोच्या खोऱ्यात पीट असावं अशी नुसती कुजबुज होती. ग्रेटा डार्गी, सायमन लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी उपग्रहावरून तीन गोष्टींचा मेळ घातला: पाणी साचण्याजोगा उतार, झाडांखाली उभं पाणी, आणि दलदलीत वाढणारी झाडं. मग त्या जागी कमरेएवढ्या चिखलातून चालत जाऊन माती काढायच्या गिरमिटाने थर मोजले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यात अंदाजे ३० अब्ज टन कार्बन. उपग्रहाने कुठे जायचं ते सांगितलं. खाली किती आहे ते गिरमिटाने. थराची जाडी आकाशातून थेट दिसत नाही. इंडोनेशियात ३ मीटरहून जाड पीट राखीव ठेवायचा नियम आहे, पण तो लावायला जाडी तर माहीत हवी. त्यासाठी मोजणीची पद्धत सुचवणाऱ्याला तिथे दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर करावं लागलं.

आपल्या देशाचं काय? अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने २०११ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह काढला. मोठं काम होतं, त्याबद्दल आदर आहे. २.२५ हेक्टरहून मोठ्या दोन लाखांवर जागा त्यात आल्या, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं ते त्याच आकड्याच्या आधारे. पण त्याचे वर्ग पाहा: तलाव, नालाकृती सरोवरं, नदीकाठची पाणथळ, खाजणं, मिठागरं, धरणांचे जलाशय, आणि ३,००० मीटरच्या वरच्या उंच जागा. पीट असा वर्गच नाही. आता नीलगिरीतल्या पीटच्या दलदली कुठे बसवाल? त्या दोन हजार मीटरच्या वर, शोला जंगल आणि गवताळ माळ यांच्या मधल्या घळींत आहेत, अरुंद, बऱ्याचशा लहान. उंचीने ‘उंच’ नाहीत, आकाराने ‘मोठ्या’ नाहीत, पाणी उघडं दिसत नाही म्हणून ‘तलाव’ही नाहीत. आणि या दलदली काय आहेत, तर दक्षिण भारताच्या हवामानाचं दप्तर. रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याच पीटमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून गेल्या वीस हजार वर्षांत इथला पाऊस कधी वाढला, कधी आटला याचा माग काढला होता. तोडा लोक आपली मंदिरं शाकारायला जे गवत वापरतात ते याच दलदलीत उगवतं. वॅटल आणि निलगिरीच्या झाडांची लागवड, चर खणून केलेली बटाटा-गाजराची शेती, रस्ते, यांनी त्यांचं पाणी ओढलं. लागवड झाली म्हणून उपग्रहाला तिथे काय दिसतं? वाढलेलं हिरवं.

मणिपूरच्या लोकताक सरोवरावर तरंगणाऱ्या फुमदी हे दुसरं उदाहरण. ते नेमकं पीट नव्हे, पण त्याचं सख्खं भावंड: मुळं, कुजकी पानं, माती यांची जाड तरंगती सतरंजी, बहुतेक पाण्याखाली. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायच्या आणि झाडांची मुळं तिथून अन्न घ्यायची. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला, पातळी वर्षभर उंच राहिली, टेकणं बंद झालं, फुमदी पातळ होत गेल्या. सांगाई हरणाचं वजन पेलायला ती सतरंजी जाड लागते. वरून क्षेत्रफळ मोजा, हिरवेपणा मोजा. हरीण कुठे पाय खचून अडकेल ते त्यात येत नाही. केरळातलं कुट्टनाड तिसरं. समुद्रसपाटीखालच्या तिथल्या भातशेतीत करी नावाची काळी, आंबट, अर्धवट कुजलेल्या लाकडांनी भरलेली जमीन आहे. पाणी उपसलं की ती आणखी आंबते. तिथले शेतकरी पाणी कधी चढवायचं-उतरवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. आपला एखादा विद्यार्थी त्यांच्याकडे रडारचा आलेख घेऊन गेला तर शिकेल तोच जास्त.

महाराष्ट्रातही एक जागा सांगून ठेवते. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला देवराईत रानजायफळांची दलदल आहे, झाडांची मुळं गुडघे वर काढून चिखलातून श्वास घेतात. २.५९ हेक्टर. जैवविविधता वारसा स्थळ म्हणून ती जाहीर झाली आहे. तिथे पीट आहे असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की २.२५ हेक्टरच्या चाळणीतून ती थोडक्यात वाचते, आणि तिच्यापेक्षा थोडी लहान असलेली पुढची जागा वाचणार नाही.

तर मागणं काय आहे? अभ्यासक्रम बदला असं मी म्हणत नाही. अभ्यास मंडळाच्या बैठका किती चालतात हे मला माहीत आहे, तोवर नायसर निवृत्त होईल. प्रबंधाच्या विषयांत बदल तुमच्या हातात आहे. प्रत्येक विभागाने दरवर्षी एक विषय ओल्या जमिनीचा ठेवा, आणि तो एका मुलाचा न ठेवता जागेचा ठेवा. पाण्याची पातळी मोजायला आज बसवलेली नळी पुढच्या वर्षीच्या बॅचने वाचायची, त्यापुढच्या वर्षी तिसऱ्या. दीड वर्षाच्या आलेखात जमिनीची लय दिसत नाही, पाच वर्षांच्या आलेखात दिसायला लागते. आज काय होतं, तर मुलगा जातो, विदा त्याच्या लॅपटॉपबरोबर जातो, काळ्या कापडी बांधणीचा प्रबंध कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे असते. वाचनं खुल्या जागी ठेवा, तारखेसकट, चुकलेली वाचनंसुद्धा.

नळी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइप, अंगाला भोकं, भोवती कापड म्हणजे गाळ शिरत नाही, वर झाकण. आत टेप सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते लिहायचं. तेवढ्यावर काम सुरू होतं. दर तासाचा आकडा हवा असेल तर दाब मोजणारा सेन्सर आणि बोर्ड पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत मिळतात. तुमच्याच कॅम्पसवरची इलेक्ट्रॉनिक्सची मुलं ते जोडून देतील, त्यांनाही प्रोजेक्ट हवाच असतो. आकडा का महत्त्वाचा? ख्रिस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की शेतीखालच्या कोरड्या पीटमध्ये पाणी दर १० सेंटिमीटर वर आणलं की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं. इंडोनेशियाचा कायदाच ४० सेंटिमीटरची मर्यादा घालतो. दहा-दहा सेंटिमीटरवर हिशोब चालतो तिथे ‘मध्यम ओलसर’ असा नकाशातला पिवळा पट्टा कुणाच्या उपयोगाचा?

गुणांचंही बघा. तोंडी परीक्षेत अचूकतेच्या तक्त्यावर, नकाशा किती जुळतो हे सांगणाऱ्या कप्पा गुणांकावर आपण पंधरा मिनिटं घालवतो. ते पडताळणीचे बिंदू बहुतेक वेळा गुगल अर्थवर बसूनच टाकलेले असतात, म्हणजे एका प्रतिमेची साक्ष दुसऱ्या प्रतिमेने काढलेली. प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या वाचनांना वेगळे गुण ठेवलेत तर मुलं आपोआप भिगवणची एसटी पकडतील. मुलींच्या मुक्कामाचा, वाहनाचा, साप-विंचवाचा विचार करून दोघा-तिघांच्या गटाने पाठवा, एकट्याला नको. पैशाचा प्रश्न येईल हे मान्य, पण एका सॉफ्टवेअर परवान्याच्या वार्षिक रकमेत किती नळ्या आणि किती फेऱ्या होतात याचा हिशोब एकदा मांडून पाहा. शिवाय मोफत सॉफ्टवेअरवर हे सगळं होतं.

नोकरीचं म्हणाल तर पुण्यातल्या किती कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी प्रतिमा वाचायचं काम करतात, ते तुम्हाला सांगायला नको. कार्बनच्या पडताळणीची कामं त्यात वाढत आहेत. हिरव्या रंगावरून दाखला देणारा माणूस तिथे धोकादायक आहे. आणि रंग ओळखायचं काम तर यंत्र आताच करायला लागलं आहे.

पहिल्या वर्षी नीलगिरीला जायची घाई नको. तमिळनाडू वनखात्याची परवानगी, तिथल्या संस्थांशी बोलणं, याला वेळ लागेल. ते पत्रव्यवहार आता सुरू करा म्हणजे तिसऱ्या वर्षी उपयोगी येतील. यंदा इंदापूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पडीक रानात चार गज आणि उजनीच्या गाळपेरीत एका ओळीत आठ-दहा नळ्या, एवढं पुरे. नळ्या पाणी उतरायला लागल्यावर, फेब्रुवारीत बसतील, पण जागा जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे अर्ज दिवाळीआधी गेलेला बरा. गाळपेर कसणाऱ्यांशीही आधी बोला, नाहीतर नांगराखाली पहिली नळी जाईल. गज मात्र पुढच्या पावसाआधी, जमीन भेगाळलेली असतानाच ठोकायला हवेत, म्हणजे फुगण्याची सुरुवात हातातून सुटणार नाही. ज्या विभागाला हे जमणार असेल त्यांनी विषयांच्या बैठकीला मला बोलवावं. गज कुठल्या खोलीपर्यंत न्यायचे आणि सेंटिनेल-१ ची कुठली फेरी कुठल्या दिवशी पुण्यावरून जाते, याचं वेळापत्रक मी घेऊन येईन.

आपली,
उपग्रह-प्रतिमांवर काम करणारी एक पुणेकर